लायसन गेले, पण दिसले नाही!

आमच्या पिढीने लायसन काढले तेव्हा त्याची मोठी गोम एकच होती : ते हिसकावून घेता येई. चौकात हवालदाराने शिट्टी फुंकली की ते निमूटपणे पुढे करायचे, आणि एकदा का ते त्याच्या मुठीत गेले की आपले सारे शौर्य संपले! पावती फाडायची की ‘तडजोड’ करायची, हा सगळा संवाद त्या मुठीभोवतीच फिरे. दंडापेक्षा लायसन सोडवण्याच्या खेपांची धास्ती अधिक.

ती मूठ आता सैल झाली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की ‘डिजिलॉकर’ किंवा ‘एम-परिवहन’मधले लायसन मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरावे. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमच बदलले. लायसन यंत्रावर पडताळले गेले, की कागद मागायचा नाही. गुन्हा जप्तीजोगा असला तरी नाही. जप्तीची नोंद संगणकातल्या सरकारी वहीत होते. लायसन कोणत्या अधिकाऱ्याने व केव्हा तपासले, हेही त्याच वहीत चढवायचे असते. (मोबाइलमध्ये लायसनचा नुसता फोटो ठेवणाऱ्यांनी मात्र निश्चिंत राहू नये, तो फोटोच राहतो!)

मराठीच्या मास्तराला शब्दाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. कायद्याच्या मराठीत लायसनला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. अनुज्ञा म्हणजे संमती. संमती ही काही खिशात घालायची वस्तू नव्हे. खिशात असते ती तिची खूण. नव्या नियमांनी खूण खिशातच ठेवली आणि शिक्षा संमतीला लावली, एवढेच.

आता जरा घरात डोकावू. चौकातला कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि चलन गाडीच्या मालकाला, म्हणजे बहुधा वडिलांना, येते. चिरंजीव सिग्नल तोडतात, वडील मोबाइलवरून पैसे भरतात, आणि चहाबरोबर विषय संपतो. माझ्या वर्गात वडिलांच्या दुचाकीवरून येणारी मुले पुष्कळ आहेत. आपल्यापायी घरी किती दंड भरला गेला, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

लायसनचे तसे नाही. चौकात अडवून मुलाचे लायसन पडताळले, तर नोंद त्याच्याच नावावर चढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेटवाचून दुचाकी चालवल्यास कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसनला अपात्रता सांगितली आहे. हजार रुपये वडील भरतील; ते तीन महिने कोण भरणार?

यात एक धोकाही आहे. पूर्वी लायसन गेले की खिसा रिकामा दिसे. आता पडद्यावर तेच छायाचित्र, तोच नंबर, आणि अपात्रता मात्र वहीत! म्हणून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या लायसनची स्थिती अधूनमधून पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपात्र ठरवण्यापूर्वी आपले म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. हे दोन्ही हक्क विसरू नयेत.

यंदा पाडव्याच्या मुहूर्तावर कित्येकांच्या दारी नवी गाडी येईल. मुलाच्या हाती किल्ली जरूर द्या. पण पुढचे चलन आले, की पैसे भरण्याआधी ते त्याला मोठ्याने वाचायला लावा.