डिग्री बसंना

गेल्या महिन्यात पुतण्याच्या दुधाचे पैसे कापून आले. चिठ्ठीवर छापलं होतं, फॅट 3.4, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला उरलेला घन भाग) 8.1. गाईच्या दुधाचा दर 3.5 आणि 8.5 वर बांधलेला. त्याखाली जितके पॉइंट, तितकी कात्री. ‘‘काका, थेंबभर पाणी घातलं नाही हो,’’ तो म्हणाला. माझा लगेच विश्वास बसला. हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी आमच्या दादांनी म्हटलं होतं, आणि कुणीच ऐकलं नव्हतं.

आमच्या भूम तालुक्याचा इतिहास सांगायचा तर निजाम आहे, बहात्तरचा दुष्काळ आहे, 1982 ला लातूर वेगळं निघालं, 2023 ला उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यात मला सांगण्यासारखं काही नाही. पाट्या बदलल्या, एवढंच. मला सांगायचंय ते दुधाचं.

लॅक्टोमीटर यायच्या आधी आमच्याकडे दुधाची परीक्षा कढईत व्हायची. दूध भट्टीवर जायचं. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा किलोभर खवा उतरायचा. पाणी घातलं की जळण जास्त लागायचं आणि खवा कमी भरायचा. भट्टीवाला तोंडाने काही बोलायचा नाही, वजनकाटा पुढे सरकवायचा. पाणी उडून गेल्यावर मागे जे उरतं त्याचेच पैसे, हा हिशेब निरक्षर माणसालाही पटायचा. कुंथलगिरीला येणाऱ्या यात्रेकरूंच्या पिशव्यांतून तो खवा पेढा होऊन लांबलांब गेला.

मग 1991 मध्ये केंद्राने दूधधंद्यावरचं परवान्याचं बंधन उठवलं, खासगी डेअऱ्यांची वाट मोकळी झाली आणि दोन-तीन वर्षांत आमच्या चावडीजवळ संकलन केंद्र उघडलं. तिथे लॅक्टोमीटरची काचेची नळी दुधात तरंगायची. बुडाला शिशाचे छर्रे, मानेवर आकडे. 28 डिग्री म्हणजे लिटरभर दुधाचं वजन 1028 ग्रॅम, इतकाच तिचा अर्थ. पण केंद्रावरच्या माणसाला ती देवाची वाणी वाटायची. ‘‘डिग्री बसंना, पाणी हाय,’’ असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि दादा मान खाली घालून कॅन उचलायचे.

आता हिशेब चुकताच करतो. लॅक्टोमीटर दुधाचा जडपणा मोजतो, कस नाही. प्रथिनं, साखर, क्षार पाण्यापेक्षा जड, म्हणून ते नळीला वर ढकलतात. लोणी पाण्यापेक्षा हलकं, म्हणून नळी खाली बसते. म्हणजे दुधाला साय जितकी जास्त, तितकी त्याची डिग्री कमी! आमच्या म्हशीची फॅट 8 लागायची, डिग्री 28. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मित्राने पुढे मला सूत्र दाखवलं : डिग्रीचा चौथा भाग, त्यात फॅटची 0.2 पट, वर 0.36. सात अधिक 1.6 अधिक 0.36, एसएनएफ 8.96. म्हशीच्या दुधाला हवं असतं 9. आम्ही चोर नव्हतो, काठावर होतो.

आणि शेजारचे एक गृहस्थ? ते रात्री साय काढायचे. साय गेली की डिग्री चढते. मग त्यात तांब्या-दोन तांबे पाणी, की डिग्री बरोब्बर 30. केंद्रावर त्यांची वाहवा व्हायची. फॅट तपासणी महिन्यातून दोनदा, तीही मर्जीने. शिवाय आम्ही धार काढून थेट केंद्रावर पळायचो. धारोष्ण, फेसाळ दूध डिग्री कमीच दाखवतं. हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून गप्प होता, यावर मी अजून भांडायला तयार आहे.

त्या दशकातच घरातल्या म्हशी गेल्या. होल्स्टिन गाई आल्या. दूध कॅन भरून वाहू लागलं, पण पातळ. माझ्या आईने तेव्हाच सांगितलं होतं, ‘‘ह्याचा खवा नाही व्हायचा.’’ आम्ही लिटर मोजत राहिलो. 2024 मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या वाडीत भट्टीचा धूर त्याच्या कितीतरी आधी थांबला होता.

आज केंद्रावर नळी नाही. यंत्र ध्वनिलहरी सोडतं आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी फेकतं. नळीशी निदान भांडता यायचं, ती डोळ्यांसमोर तरंगायची. या डब्यावर बटण गाईचं दाबलं की म्हशीचं, त्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, हे विचारलं तर पोरगा मोबाइलमधून मान वर करत नाही.

दादांनी चिडून विकत आणलेला लॅक्टोमीटर माझ्या कपाटात अजून शाबूत होता. पुतण्याने तो नेला आहे. दूध दोन तास ठेवून, फेस बसल्यावर, तापमान बघून आकडा टिपायचा, असं ठरलंय. चिठ्ठीशेजारी तुमचाही आकडा वहीत लिहा, आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही कागद घेऊन केंद्रावर जा. एकटे जाऊ नका.