झडीच्या आठवड्यात घरातली सुखे

आठवडाभर झड लागली की आपल्या नाशकात एकच चौकशी चालते: गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला? वस्तीत प्रश्न वेगळा असतो. नाक्यावर काम नाही, रोज बुडाला, पत्रा गळतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे. मग चिडचिड होते, पोरांना उगाच धपाटे बसतात, कोणी बाटलीकडे वळतो. या पानावर आम्ही नेहमी आजारांविषयी लिहितो. या वेळी घरातल्या सुखांविषयी लिहीत आहोत, कारण मन आंबले तर शरीरही फार दिवस धड राहत नाही.

पहिले सुख कोरड्या कपड्याचे. आपल्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. हिशेब करून पाहा, वर्षाचे २४० बरोबर जुळतात.

आपण व्याज कुठून आणणार! पण प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवता येतो. भिजून आलेल्या माणसाने पाय साबणाने धुवावेत, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात, मग तो जोड घालावा. चिखल्या टळतात, आणि त्या क्षणी जे बरे वाटते ते कुठल्या गोळीत नाही. कपडे वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र पेटवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच जीव जातो.

दुसरे सुख हुलग्याच्या शेंगोळ्यांचे. भाजी महागलेली असताना याला भाजी लागतच नाही. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचे आणि तळहातावर वळून कडी करायची. हे काम पोरांना द्या. वाकडी झाली तरी शिजतात, आणि तासभर भांडण नाही. फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडली की रस्सा आपोआप दाट होतो. हुलग्यात प्रथिने भरपूर. मजुरी करणाऱ्या अंगाला हे मॅगीच्या पुड्यापेक्षा केव्हाही बरे, असे आमचे मत. जवळच एकटी राहणारी म्हातारी असेल तर वाटीभर तिलाही पाठवा. तिची भिंत ओलीने फुगली आहे का, तेही कळेल.

संध्याकाळी लाइट जातेच. वर्षावासात अनेक घरांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते, यंदा ते पोरीला वाचू द्या, आजीने ऐकावे. नंतर गाणी. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी घरोघर पाठ असतात. ताल धरायला पत्र्याचा डबा पुरतो. रोज बुडालेला माणूसही त्या तासाभरात घरात रमतो, गुत्त्याची आठवण मागे पडते.

पिण्याचे पाणी आठवडाभर उकळूनच घ्या. त्यातलेच थोडे गवती चहाला. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या कोणाला ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा आल्या तर घरी वाट पाहू नका. लेप्टोची शंका असते. महापालिकेच्या दवाखान्यात जा आणि पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.