पापडाचा नमुना आणि कायद्याचा आधार

मराठवाड्यातील उन्हाळी वाळवण आता निव्वळ घरचे काम राहिलेले नाही. जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत बचत गटांच्या स्त्रिया पापड, कुरडया, शेवया, लोणची, मसाले करतात आणि ते आठवडे बाजारात व प्रदर्शनांत विकतात. पहिली पुडी विकली गेली की कायद्याच्या भाषेत त्या ‘अन्न व्यवसाय चालक’ ठरतात, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आलेला २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा त्यांना लागू होतो. तो लागू व्हावा यातही वावगे काही नाही. मिरचीपुडीत घातलेला वर्ज्य रंग किंवा खवट शेंगदाणा घरच्या हाताने मिसळला म्हणून पोटाला कमी अपाय करीत नाही.

हा कायदा लहानाला ओळखत नाही असेही नाही. कलम ३१ च्या दुसऱ्या पोटकलमाने किरकोळ उत्पादकाला परवान्यातून सूट देऊन केवळ नोंदणी सांगितली. २०११ च्या विनियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंतची उलाढाल किरकोळ मानली आणि नोंदणीचे शुल्क शंभर रुपये ठेवले. दंड ठरविताना नफा किती झाला, कसूर पुन्हा पुन्हा घडली काय, ती जाणूनबुजून केली काय, हे पाहण्याचे बंधन कलम ४९ ने घातले आहे. अडचण आहे ती पुढेच. या सवलती मागाव्या लागतात. आणि मागण्यासाठी त्या ठाऊक असाव्या लागतात.

नमुन्याचेच पाहावे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग विक्रेत्याने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविता येतो. दोन अहवालांत तफावत निघाली तर निर्णायक प्रयोगशाळेचा निष्कर्ष अंतिम ठरतो. विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध तीस दिवसांत अपील करण्याची सोयही आहे. परंतु दारात सरकारी गाडी उभी राहिल्यावर, पंचनाम्यावर अंगठा किंवा सही करताना, ‘चौथा भाग माझ्यातर्फे पाठवा’ असे म्हणणारी बाई विरळाच. अहवालाचा कागद हाच निकाल समजून दंड भरायचा आणि चूल बंद करायची, हीच बहुतेकींची समजूत असणार.

ज्यांच्यापाशी वकील आहेत त्यांची गोष्ट वेगळी. अन्न प्राधिकरणाने २०१३ साली केवळ सूचनापत्राच्या बळावर उत्पादनांना पूर्वमान्यतेची अट घातली, तेव्हा उद्योजक मुंबई उच्च न्यायालयात गेले. अशा सूचनापत्रांना कायद्याचे बळ नाही, असे न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले आणि प्राधिकरणाला ती पद्धत सोडावी लागली. नियम तपासून घेण्याचा हा हक्क कुरडया करणारीलाही तेवढाच आहे.

वस्तुतः तिला वकील देण्याची तरतूदही जुनीच आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत विधी सेवा मिळते. तिथे उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा म्हणजे केवळ कोर्टातला खटलाही नव्हे: कोणत्याही प्राधिकाऱ्यापुढील कामकाज आणि कायदेविषयक सल्ला, दोन्ही त्या व्याख्येत बसतात. तरीही विधी सेवा म्हटले की पोटगी, कौटुंबिक तंटा आणि कच्चे कैदी एवढेच डोळ्यांपुढे येते. पापडाच्या नमुन्यासाठी जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी, हे कोणाच्या मनातच येत नाही.

लहान कारागिरांनी एकत्र येऊन म्हणणे मांडले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. २००७ मध्ये आयात खेळण्यांच्या रंगात शिसे सापडल्यावर तेथे २००८ साली कडक कायदा झाला आणि प्रत्येक खेळणे त्रयस्थ प्रयोगशाळेतून तपासून घेणे आले. लाकडाची खेळणी हाताने घडविणाऱ्यांचा धंदाच त्याने मोडला असता. त्यांनी संघटना बांधून पाठपुरावा केला. २०११ च्या दुरुस्तीने छोट्या उत्पादकांना चाचण्यांत सवलत मिळाली. रंगातील शिशाची चाचणी मात्र तशीच राहिली, आणि ते योग्यच झाले. आपल्याकडेही खेळण्यांच्या २०२० च्या गुणवत्ता आदेशातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्याच वर्षी डिसेंबरात वगळण्यात आले. खाद्यपदार्थांत अशी सरसकट सूट कोणी मागू नये; प्रश्न मदत वेळेवर पोचण्याचा आहे.

तीस दिवसांची मुदत अहवाल मिळताच धावू लागते. मंठा किंवा भोकरदनच्या खेड्यात तो कागद वाचून घेण्यातच आठवडा जातो. म्हणून नमुना घेतानाच दिल्या जाणाऱ्या कागदावर चौथ्या भागाचा हक्क, अपिलाची मुदत आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मराठीत, ठळक अक्षरांत छापलेला असावा. उमेद अभियानातील गटांच्या बैठकांना विधी स्वयंसेवकाने वर्षातून एकदा, वाळवणाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, हजर राहावे. त्यासाठी नवा कायदा नको. अन्न व औषध प्रशासन आणि जिल्हा प्राधिकरण यांच्यातील एका पत्रव्यवहाराने हे होण्यासारखे आहे.