आभासी स्थानिक जाळ्यांमधील मार्गनिर्धारण

एखाद्या कार्यालयातील सर्व संगणक त्याच केबलींनी व त्याच स्विचांनी जोडलेले असले, तरी त्यांचे परस्परांपासून अलग असे गट पाडता येतात. अशा प्रत्येक गटाला आभासी स्थानिक जाळे किंवा संक्षेपाने व्हीलॅन असे म्हणतात. एका आभासी जाळ्यातील संदेश दुसऱ्यात आपोआप जात नाही. तो जाणे आवश्यक असेल, तर दोहोंच्या मध्ये राउटर हे साधन योजावे लागते. आलेल्या संदेशाचा पुढील मार्ग पाहून तो योग्य जाळ्यात सोडण्याच्या राउटरच्या क्रियेला मार्गनिर्धारण म्हणतात. जाळी अलग करणे व ती पुन्हा जोडणे या दोन भिन्न क्रिया असून कार्यालयातील माहितीची सुरक्षितता पहिलीपेक्षा दुसरीवर अधिक अवलंबून असते.

इतिहास : स्थानिक जाळ्यांसाठी सर्वाधिक वापरात असलेली ईथरनेट ही पद्धत अमेरिकेतील झीरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ पासून रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. तीत आरंभी सर्व संगणक एकाच सामाईक केबलीला जोडलेले असत आणि एकाने पाठविलेला संदेश सर्वांपर्यंत पोहोचत असे. या पद्धतीचे ‘८०२.३’ हे मानक १९८३ मध्ये निश्चित झाले. पुढे आलेली स्विच ही साधने कोणता संगणक कोणत्या छिद्राला जोडलेला आहे, हे संदेशांच्या पत्त्यांवरून टिपून ठेवतात व संदेश केवळ त्या दिशेने पाठवितात. तथापि जे संदेश मुळातच सर्वांना उद्देशून असतात, ते स्विच सर्व छिद्रांवर पाठवितो. संगणकांची संख्या वाढली की असे संदेशही वाढतात आणि प्रत्येक यंत्राला ते वाचावेच लागतात.

राउटर असे सर्वगामी संदेश पुढे जाऊ देत नाही. परंतु प्रत्येक विभागासाठी वेगळे स्विच व वेगळ्या केबली बसविणे खर्चाचे ठरते. शिवाय एखादा कर्मचारी दुसऱ्या मजल्यावर बसू लागला, तर त्याचा गटच बदलतो. बेलकोर या अमेरिकी संस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांनी १९८० नंतरच्या दशकात ईथरनेटचा विस्तार वाढविण्यासाठी केलेल्या कार्यातून आभासी जाळ्यांची कल्पना पुढे आली. आरंभी निरनिराळ्या उत्पादकांच्या पद्धती परस्परांशी जुळणाऱ्या नव्हत्या. ‘८०२.१क्यू’ हे समान मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

रचना : ईथरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एककाला फ्रेम म्हणतात. तिच्यात पाठविणाऱ्या व घेणाऱ्या यंत्रांचे प्रत्येकी ४८ बिटांचे पत्ते असतात. वरील मानकानुसार फ्रेममध्ये पाठविणाऱ्याच्या पत्त्यानंतर ४ बाइटांची एक खूणपट्टी घालतात. तीमधील १२ बिटांत आभासी जाळ्याचा क्रमांक असतो. या बिटांतून ४,०९६ मूल्ये मिळतात. त्यांपैकी ० व ४,०९५ ही राखीव असल्याने ४,०९४ जाळी क्रमांकित करता येतात. खूणपट्टीमुळे फ्रेमची कमाल लांबी १,५१८ बाइटांवरून १,५२२ बाइट होते.

सामान्यतः संगणक, मुद्रक इ. यंत्रांना खूणपट्टीची जाणीव नसते. ते ज्या छिद्राला जोडलेले असतात, त्या छिद्राला स्विचमध्ये एक जाळे नेमून दिलेले असते. दोन स्विचांमधील किंवा स्विच व राउटर यांमधील दुव्यावरून मात्र अनेक जाळ्यांच्या फ्रेमा जातात. अशा दुव्याला ट्रंक म्हणतात व त्यावरून जाताना प्रत्येक फ्रेम खूणपट्टीवरून ओळखली जाते. त्यामुळे लेखा विभागातील संगणक तळमजल्यावर असो वा चौथ्या मजल्यावर, तो एकाच जाळ्याचा घटक राहू शकतो.

कार्यपद्धती : प्रत्येक आभासी जाळ्याला साधारणपणे इंटरनेट नियमावलीतील पत्त्यांचा एक स्वतंत्र संच देतात. उदा., लेखा विभागाच्या जाळ्याला १० हा क्रमांक व १९२.१६८.१०.० पासूनचे पत्ते, तर मुद्रकांच्या जाळ्याला २० हा क्रमांक व १९२.१६८.२०.० पासूनचे पत्ते दिले आहेत, असे मानू. २५५.२५५.२५५.० या मुखवट्यानुसार पत्त्याचे पहिले तीन भाग जाळे दर्शवितात व शेवटचा भाग यंत्र दर्शवितो. प्रत्येक जाळ्यात राउटरचा एक पत्ता असतो व त्याला त्या जाळ्याचे प्रवेशद्वार म्हणतात. येथे ते अनुक्रमे १९२.१६८.१०.१ व १९२.१६८.२०.१ असे आहेत.

लेखा विभागातील १९२.१६८.१०.२५ या संगणकावरून १९२.१६८.२०.४० या मुद्रकाकडे मजकूर पाठवावयाचा असेल, तर संगणक प्रथम दोन्ही पत्त्यांचे जाळेदर्शक भाग ताडून पाहतो. ते भिन्न असल्याने मुद्रक आपल्या जाळ्यात नाही, हे त्याला कळते व तो माहितीचे पॅकेट प्रवेशद्वाराकडे पाठवितो. त्यासाठी प्रवेशद्वाराचा ४८ बिटांचा पत्ता तो आपल्या जाळ्यात विचारणा करून मिळवितो; या विचारणेची नियमावली १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. स्विच त्या फ्रेमला १० क्रमांकाची खूणपट्टी लावून ती ट्रंकवरून राउटरकडे धाडतो. राउटर फ्रेम उघडून आतील पॅकेटचा अंतिम पत्ता वाचतो व आपला मार्गतक्ता पाहतो. पॅकेटमधील आयुर्मर्यादेचा अंक तो एकाने कमी करतो. हा अंक शून्य झाल्यास पॅकेट टाकून देण्यात येते, त्यामुळे ते जाळ्यांत अखंड फिरत राहत नाही. नंतर राउटर पॅकेट नव्या फ्रेममध्ये घालून तिला २० क्रमांकाची खूणपट्टी लावतो व ती परत पाठवितो. मुद्रकाकडील स्विच खूणपट्टी काढून फ्रेम मुद्रकाला देतो.

या प्रवासात पॅकेटवरील मूळ व अंतिम पत्ते कायम राहतात, फ्रेमवरील पत्ते मात्र बदलतात. टपालाच्या थैलीवरील चिठ्ठी प्रत्येक वर्गीकरण कचेरीत बदलते, पण आतील पत्रावरील पत्ता तोच राहतो, तसाच हा प्रकार आहे.

प्रकार : वरील उदाहरणात राउटर एकाच केबलीने स्विचला जोडलेला असून त्या एका जोडणीचे प्रत्येक जाळ्यासाठी एकेक असे उपविभाग केलेले असतात. ही रचना स्वस्त व लहान कार्यालयास पुरेशी असते; तथापि जाळ्यांमधील सर्व वाहतूक त्या एकाच दुव्यातून जात असल्याने त्याची क्षमता हीच सर्वांची मर्यादा ठरते. दुसऱ्या प्रकारात मार्गनिर्धारणाची सोय स्विचमध्येच असते. त्यासाठी खास घडविलेल्या एकात्मित मंडलांमुळे अशा स्विचांत पॅकेटे अत्यंत वेगाने हलविता येतात. हा प्रकार मोठ्या कार्यालयांत रूढ आहे. तिसऱ्या प्रकारात राउटरच्या जागी अग्निरोधक भिंत या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे फायरवॉल हे साधन योजतात. ते मार्ग दाखविण्याबरोबरच प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवते.

सुरक्षितता : आभासी जाळी पाडली म्हणजे विभाग एकमेकांपासून सुरक्षित झाले, हा समज पुष्कळदा आढळतो, परंतु तो अपुरा आहे. राउटरचे मूळ कार्य जोडणे हे आहे. त्याच्याशी थेट जोडलेली सर्व जाळी त्याच्या मार्गतक्त्यात आपोआप नोंदली जातात आणि वेगळा नियम घातलेला नसल्यास सामान्य राउटर त्यांच्यातील सर्व वाहतूक जाऊ देतो. अशा स्थितीत अभ्यागतांसाठी ठेवलेल्या जाळ्यातील अनोळखी संगणकालाही लेखा विभागातील संगणकापर्यंत पोहोचता येते. कागदावर जाळी चार असतात, प्रत्यक्षात मात्र कार्यालय पूर्वीइतकेच खुले राहते.

म्हणून राउटरवर प्रवेश-नियमांची यादी ठेवतात. यादीतील नियम सामान्यतः वरून खाली क्रमाने तपासले जातात व जो प्रथम लागू पडेल तोच अंमलात येतो. त्यामुळे व्यापक परवानगीचा नियम वर आल्यास त्याखालील मनाई निष्फळ ठरते. आवश्यक तेवढीच वाहतूक नावानिशी मान्य करून उरलेली नाकारणे, हे धोरण योग्य समजतात. उदा., लेखा विभागाकडून मुद्रकांकडे जाणारी छपाईची वाहतूक मान्य करावी, परंतु मुद्रकांना लेखा विभागाकडे आपणहून संपर्क साधू देऊ नये. येथे मुद्रकाचे उत्तर परत येणे आवश्यक असते. संभाषणाची नोंद ठेवणारे साधन असे उत्तर ओळखून सोडते. साध्या यादीत मात्र त्यासाठी वेगळा नियम करावा लागतो. टेहळणीचे कॅमेरे व तत्सम यंत्रे यांची प्रणाली क्वचितच अद्ययावत केली जात असल्याने त्यांचे जाळे विशेष काटेकोरपणे अलग ठेवतात. ट्रंकवरून खूणपट्टीविना जाणाऱ्या फ्रेमा ज्या जाळ्याच्या समजल्या जातात, ते जाळे अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये. अन्यथा दोन खूणपट्ट्या लावलेली फ्रेम रचून परक्या जाळ्यात शिरकाव करता येतो.

अडचणी : सर्वगामी संदेश राउटर ओलांडत नसल्याने काही नेहमीच्या सोयी बंद पडतात. संगणक सुरू होताच पत्ता मागण्यासाठी असाच संदेश पाठवितो. पत्ते देणारे यंत्र दुसऱ्या जाळ्यात असल्यास राउटरवर ही मागणी पुढे पोहोचविण्याची खास सोय करावी लागते. मुद्रक आपोआप शोधण्याच्या पद्धतीही बहुधा एका जाळ्यापुरत्याच असतात. त्यामुळे पत्ता देऊन छपाई होते, परंतु यादीत मुद्रक दिसत नाही. प्रवेशद्वार बंद पडल्यास प्रत्येक जाळ्यातील अंतर्गत व्यवहार चालू राहतात व जाळ्यांमधील संपर्क तेवढा तुटतो. यावर उपाय म्हणून दोन राउटरांना एकच सामाईक पत्ता देतात व एक बंद पडताच दुसरा त्याचे कार्य हाती घेतो. यासाठीची एक खुली नियमावली १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मोठ्या संगणक केंद्रांत ४,०९४ जाळीही अपुरी पडू लागल्याने २४ बिटांचा क्रमांक वापरणारी व्हीएक्सलॅन ही पद्धती २०१४ मध्ये प्रसिद्ध करण्यात आली. तीत १ कोटी ६७ लाखांहून अधिक जाळी ओळखता येतात. मात्र तेथेही एका जाळ्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी मार्गनिर्धारण लागतेच. अलगपणाचा खरा अर्थ अखेर त्याच ठिकाणी घातलेल्या नियमांवरून ठरतो.