आयात फिरती घरे व विद्युत्सुरक्षा : मुळशी परिसराच्या संदर्भात

मुळशी तालुक्याचा विजेशी आलेला संबंध जुना आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला. त्याच धरणाच्या पाण्यावर भिरा येथील वीजगृह १९२७ साली सुरू झाले. आज जलाशयाचा काठ व ताम्हिणी घाटाचा परिसर ही पर्यटनस्थळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन-पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यानंतर अशा स्थळी फिरत्या घराला वीजजोडणी देण्याच्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार होणे अगत्याचे ठरते. वाहन परदेशी बनावटीचे असल्यास हा प्रश्न अधिक बिकट होतो.

पहिला भेद दाबाचा व वारंवारतेचा. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असते. अमेरिकन वाहनातील उपकरणे १२० व्होल्ट व ६० हर्ट्झसाठी बांधलेली असतात. असे उपकरण येथील विजेवर थेट जोडल्यास, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यातील तापक तार सुमारे पावणेचारपट शक्ती खेचते. रोहित्र बसवून दाब उतरविता येतो, परंतु वारंवारता बदलत नाही. वातानुकूलन यंत्राची मोटर त्यामुळे सुमारे एकषष्ठांशाने मंद चालते, तिच्या लोहगाभ्यातील चुंबकीय प्रवाह वाढतो व ती तापते. युरोपीय वाहनांत ही अडचण नाही. तेथील दाब व वारंवारता येथल्याप्रमाणेच आहेत.

दुसरा भेद तारांच्या रंगांचा असून तो अधिक घातक होय. भारतातील रूढ पद्धतीत तांबडा, पिवळा व निळा हे फेजचे रंग, तर काळा न्यूट्रलचा. अमेरिकन वाहनात काळी तार फेजची असते. युरोपीय वाहनात निळी तार न्यूट्रलची असते. म्हणजे येथील कुशल तारतंत्रीही केवळ सवयीवर विसंबला, तर फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल होते. एकध्रुवी स्विच मग न्यूट्रल तोडतो आणि बंद केलेल्या उपकरणात फेज शिल्लक राहते. म्हणूनच फिरत्या घरात दोन्ही तारा एकदम तोडणारा मुख्य स्विच आवश्यक मानला जातो.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा भूसंपर्काचा. रबरी चाकांवर उभे असलेले धातूचे वाहन जमिनीपासून जवळजवळ विलग असते. जोडतारेतील अर्थिंगची तार तुटली आणि आत कोठे फेजचा स्पर्श सांगाड्याला झाला, तर संपूर्ण सांगाडा २३० व्होल्टवर जातो. वाहनाच्या आत असलेल्या व्यक्तीला काहीही जाणवत नाही; एक पाय ओल्या जमिनीवर ठेवून दाराची मूठ धरणाऱ्या व्यक्तीच्या देहातून मात्र प्रवाह वाहतो.

अर्थिंगची तार शाबूत असली तरी वितळतार पुरेशी ठरत नाही. मुळशीचा भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. मातीचा थर पातळ असेल तेथे भूसंपर्काचा रोध सहज वाढतो. तो १०० ओहम धरल्यास दोषप्रवाह जेमतेम २.३ अँपिअर येतो. सोळा अँपिअरची वितळतार त्याने वितळणार नाही, आणि सांगाडा दीर्घकाळ विद्युत्भारित राहील. उलट, ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे साधन याच स्थितीत तत्काळ कार्य करते. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाच्या मानकात मुक्कामस्थळावरील प्रत्येक सॉकेटला असे स्वतंत्र साधन सांगितले आहे, ते याच कारणाने. वाहनाची अर्थिंगतार पुरवठ्याच्या न्यूट्रलला जोडणेही धोक्याचे असते. मार्गात न्यूट्रल तुटल्यास सांगाड्यावर फेजचा दाब येतो.

येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घ्यावयास हवी. विलगकारी रोहित्र वापरल्यास बाहेरील गळतीरोधकाला रोहित्रापलीकडील दोष दिसत नाही. तेव्हा दुय्यम बाजूस स्वतंत्र व्यवस्था अपरिहार्य ठरते.

नियमांची स्थिती काय आहे? भारतात विकावयाच्या वाहनाला केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ अन्वये प्रकार-मान्यता लागते. तिच्या परीक्षणाचे काम करणाऱ्या संस्थांपैकी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था पुण्यातच आहे. मुक्कामस्थळाची वीज-मांडणी केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांच्या कक्षेत येते. परंतु ‘कार्ने’ या सीमाशुल्कपत्रावर तात्पुरते आलेले पर्यटकाचे वाहन प्रकार-मान्यतेच्या मार्गाने येत नाही. त्याच्या मायदेशी ते सर्वथा नियमानुसार असेल. तथापि ते प्रमाणपत्र तेथील पुरवठ्यापुरतेच अर्थपूर्ण असते.

तात्पर्य, वाहन निर्दोष आणि स्थळही निर्दोष असूनही त्यांचा संयोग सदोष असू शकतो. म्हणून जोडणीपूर्वी दाब, ध्रुवता, अर्थिंगचे सातत्य व गळतीरोधकाचे कार्य या चार गोष्टी त्या त्या वेळी तपासणे हाच खरा उपाय होय. या तपासणीस काही मिनिटे लागतात. मुळशीच्या पावसात भिजलेल्या पायरीवर पाऊल ठेवणाऱ्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.