ताईताला आता चार्जर लागतो

खारघरला टेकड्या आहेत, सेंट्रल पार्क आहे, आणि बहुतेक सोसायट्यांमध्ये एखादा तरी 'वेलनेस' प्रतिनिधी आहे. रविवारी क्लबहाउसात त्याचं प्रात्यक्षिक असतं. साध्या पाण्यात दोन थेंब टाकले की ते हिरवं होतं, 'अल्कलाइन' यंत्राच्या पाण्यात टाकले की जांभळं. लगेच टाळ्या! असाच चमत्कार घरी हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून करता येतो, तोही लाखभर रुपये न मोजता. हे पाणी प्यायल्यावर थेट जठरात जातं. तिथल्या आम्लाचा पीएच १.५ ते ३.५. घोटभर पाण्याचा अल्कलीपणा तिथेच संपतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ ठेवण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बिनवीज, बिनहप्ता करत असतात.

दुसरा लाडका माल म्हणजे मोबाइलवरचं 'अँटी-रेडिएशन' स्टिकर. त्याने लहरी पूर्ण अडवल्या तर फोन लागणार नाही. थोड्या अडवल्या तर टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावेल. म्हणजे स्टिकर खरंच चाललं तर नुकसानच. सुदैवाने ते चालत नाही. गंमत अशी की, याच खारघरमध्ये टाटा मेमोरिअलचं 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्र आहे. तिथे प्रोटॉन किरणांनी कर्करोगावर उपचार होतात आणि किरण शरीरात किती खोलवर थांबावा याचा हिशेब मिलिमीटरमध्ये मांडतात. त्या किरणांत पेशीचा डीएनए तोडण्याची ताकद असते, मोबाइलच्या लहरींत ती नसते. दोन्हींना आपण 'रेडिएशन'च म्हणतो आणि स्टिकरवाल्याचं फावतं.

तिसरं चुंबकाचं ब्रेसलेट. 'रक्तातलं लोह ओढून रक्ताभिसरण वाढवतं' म्हणे. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. चिकटत असतं, तर १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्रातून माणूस धड बाहेर आला नसता.

जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा आपला कायदा १९५४ चा आहे. त्यात ताईत, मंत्र, कवच असे शब्द आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींनाही त्यात बंदी आहे. तेव्हाच्या ताईताला काळा दोरा लागायचा, आता चार्जर आणि अ‍ॅप लागतं, एवढाच काय तो फरक. खरं तर लोक भोळे नाहीत. त्यांना मशीनवर विश्वास आहे, आणि मशीनसारखं दिसणाऱ्या वस्तूवरही.

गेल्या महिन्यात ओपीडीत एक निवृत्त गृहस्थ आले. डोकं जड, रक्तदाब १८०/११०. केसपेपरवर गोळी लिहिलेली होती, पण तीन महिन्यांपासून बंद.

"ब्रेसलेट घेतलंय ना, डॉक्टर."

"कितीला?"

"चौदा हजार."

आमच्या औषधखिडकीवर ती गोळी फुकट मिळते. कदाचित तिथेच गोची असावी. ब्रेसलेट काढा म्हटलं तर काका रुसले असते. म्हटलं, ते राहू द्या हातात, गोळी मात्र रोज सकाळी पोटात जाऊ द्या. आठवड्याने आले तेव्हा रक्तदाब १५२/९४ होता. श्रेय त्यांनी ब्रेसलेटला दिलं. मी गोळी सुरूच ठेवली आहे, पुढच्या सोमवारी पुन्हा मोजायचं आहे.