व्हिसा कोणाच्या हातात? आखातात जाणाऱ्यांनी पगाराआधी विचारावयाचा प्रश्न

कर्जत तालुक्यातील कडाव, नेरळ भागातून रोजगारासाठी आखाती देशांत जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. घरटी नाही, तरी मोहल्ल्यागणिक कोणी ना कोणी तिकडे असतोच. नवीन जाणारा तरुण मात्र एकच प्रश्न विचारतो : पगार किती? एजंटही तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर घेऊन तयार असतो. पुढे पैशांची जुळवाजुळव सुरू होते. घरातले दागिने गहाण पडतात किंवा भाताच्या शेतातले दोन गुंठे विकले जातात. फार्महाऊससाठी जमीन शोधणारा मुंबईचा गिऱ्हाईक आमच्या भागात लगेच मिळतो, म्हणून हा व्यवहार सोपा झाला आहे. गेलेली जमीन परत येत नाही. तिच्या बदल्यात हातात आलेला कागद नक्की कशाचा आहे, हे आधी तपासले पाहिजे असे आम्हांस वाटते.

तीन कागद, तीन अर्थ

आपल्याकडे सगळ्यालाच ‘व्हिसा’ म्हणतात. वास्तविक व्हिसा हा त्या देशात शिरण्याचा परवाना आहे. तेथे राहण्याचा परवाना वेगळा, ज्याला सौदी अरबस्तानात इकामा म्हणतात. काम करण्याची परवानगी आणखी वेगळी. आखाती देशांत हे तिन्ही कागद साधारणपणे एकाच मालकाशी, म्हणजे कफीलशी बांधलेले असतात. त्यामुळे नोकरी गेली की राहण्याचा हक्कही धोक्यात येतो. म्हणून पगाराचा आकडा ऐकण्यापूर्वी विचारावे : हा कागद कोणाच्या नावावर निघणार, आणि त्याचे पटले नाही तर आपण दुसरीकडे जाऊ शकतो काय?

कंपनीचा व्हिसा

खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत हात बसलेला वेल्डर, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन असेल, तर त्याने कंपनीच्याच व्हिसाचा आग्रह धरावा. याच वर्गात अलीकडे बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत. कतारने २०२० साली कायदा बदलून नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र आणण्याची अट काढली. मार्च २०२१ पासून तेथे दरमहा किमान १००० रियाल वेतन ठरले. मालकाने जेवण व निवास दिला नाही, तर त्यासाठी अनुक्रमे ३०० व ५०० रियाल वेगळे द्यावे लागतात. सौदीने १४ मार्च २०२१ पासून खासगी कंपन्यांतील कामगारास एक वर्ष पूर्ण झाल्यावर, ठरलेली नोटीस देऊन, मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू झाला. त्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करावयाचा असून कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवण्यास मनाई आहे.

मात्र सगळे देश एकाच दिशेने चाललेले नाहीत. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना देश सोडण्यापूर्वी मालकाच्या मंजुरीने निर्गमन परवाना घेणे बंधनकारक केले. गावी अचानक यावे लागले तर या फरकाचा अर्थ लगेच कळतो.

हाऊस ड्रायव्हरचा व्हिसा

कारखान्याचा अनुभव नसलेल्या, पण गाडी चालवता येणाऱ्या तरुणाला बहुधा हाऊस ड्रायव्हरचा व्हिसा दाखविला जातो. राहणे फुकट, जेवण फुकट, म्हणून तो आकर्षक वाटतो. पण हा व्हिसा घरगुती नोकरांच्या वर्गात मोडतो. सौदीने २०२१ साली दिलेली नोकरी बदलण्याची वरील मुभा घरगुती नोकर, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ व शेतमजूर यांना लागू केलेली नाही. कुवेतमध्ये कंपनीच्या कामगाराचा परवाना कलम १८ खाली, तर घरगुती नोकराचा कलम २० खाली निघतो. २० मधून १८ मध्ये जाण्याचा दरवाजा एरवी बंद असतो. २०२४ साली तो जुलै ते सप्टेंबर असा थोडे दिवस उघडला होता. तेव्हा ‘आधी ड्रायव्हर म्हणून जा, मग कंपनीत लागशील’ असे सांगणाऱ्याला हे कोणत्या नियमाने होईल, असे विचारावे. बहुतेक वेळा तेथेच बोलणे थांबेल.

व्हिजिट आणि ‘आझाद’

दुबईला व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधणे हा मार्ग आपल्याकडे रुळला आहे. नोकरी शोधण्यापर्यंत ठीक, पण त्या व्हिसावर काम करणे गुन्हा आहे. परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला अमिरातीने २०२४ साली दंड वाढवून एक लाख ते दहा लाख दिरहम केला. त्यामुळे मालकच आता हात आखडता घेतो. मुदत संपूनही राहिले तर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. दोन महिन्यांत तो ३००० दिरहम होतो.

‘आझाद व्हिसा’ नावाचा व्हिसा तर कोणत्याही देशाच्या कायद्यात नाही. एका कफीलच्या नावावर यायचे आणि काम दुसरीकडे करायचे, एवढाच त्याचा अर्थ. कफील दर वर्षी पैसे मागतो. नाही दिले तर कामगार पळून गेल्याची नोंद करू शकतो. सौदीत तिला हुरूब म्हणतात. त्यानंतर अटक आणि हकालपट्टीची टांगती तलवार. सर्वांत महाग विकला जाणारा हा कागद सर्वांत कच्चा आहे, हे आम्ही स्पष्ट शब्दांत सांगू इच्छितो.

स्वतःच्या नावाचा परवाना

कफीलविना राहण्याची सोयही आता निघाली आहे. अमिरातीचा गोल्डन व्हिसा २०१९ पासून आहे. तो दहा वर्षांसाठी मिळतो, पण वीस लाख दिरहमची मालमत्ता किंवा वरच्या दर्जाची नोकरी लागते. २०२२ साली सुरू झालेला ग्रीन व्हिसा पाच वर्षांचा आहे. त्यासाठी पदवी व दरमहा १५,००० दिरहम पगार हवा. सौदीने २०१९ साली काढलेल्या प्रीमियम परवान्याचे शुल्क वर्षाला एक लाख रियाल, तर कायमच्या परवान्याचे आठ लाख रियाल ठेवले. हे आकडे आमच्या बहुतेक वाचकांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तरी ते देण्याचे कारण असे की, पदवी घेतलेल्या इंजिनिअर, हिशेबनीस किंवा परिचारिकेने पाच-सात वर्षांचे ध्येय ठरविताना ते डोळ्यांसमोर ठेवावेत.

जर्मनीसारख्या देशाची तऱ्हा वेगळी आहे. तेथे ब्ल्यू कार्डावर काम करणाऱ्या पदवीधरास जुजबी जर्मन येत असेल तर २७ महिन्यांनी, आणि भाषेची बी-१ पातळी गाठली तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तेथे काढलेली वर्षे हक्कात जमा होतात. आखातात साधा कामगार वीस वर्षे राहिला तरी त्याचा परवाना नूतनीकरणावरच चालतो. कर्जतमध्ये बारावीला बसलेल्या मुलामुलींनी हा फरक आताच लक्षात घ्यावा.

कुटुंब नेता येईल काय?

अमिरातीत दरमहा ४००० दिरहम, किंवा ३००० दिरहम व निवास मिळत असेल, तर पत्नी-मुलांचा परवाना काढता येतो. कुवेतने २०२४ साली हीच मर्यादा ८०० दिनार ठेवली. सौदीने जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले व ते वाढवीत २०२० साली ४०० रियालवर नेले. पत्नी आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल, तेही घरभाडे व शाळेची फी सोडून. या एका आकारणीने अनेकांना बायकामुले गावी पाठविणे भाग पडले.

इकडचे कागद

दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआरची नोंद असते. अशा व्यक्तीस आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते. तिचा अर्ज ई-मायग्रेट या सरकारी संगणकीय व्यवस्थेत होतो. एजंटचा परवाना खरा की खोटा, हेही तेथेच पाहता येते. परवानाधारक एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घ्यावेत असा नियम आहे. पावतीही दिली पाहिजे. कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर जमिनीचा विचार करण्यापूर्वी हा आकडा आठवावा. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचे संरक्षण मिळते. व्हिजिट व्हिसावर निघून जाणारा हे सगळे गमावतो.

कराराची प्रत, पासपोर्ट, व्हिसा व इकाम्याच्या प्रती घरी ठेवाव्यात. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतल्यावर पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना मायदेशी आणावे लागले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला. कुवेत वा इराक सोडावे लागल्याबद्दल एकट्या माणसास २५०० डॉलर आणि कुटुंबास ५००० डॉलर, तर इतर दावे सोडल्यास ४००० व ८००० डॉलर, अशी त्याची रक्कम ठरली. त्यासाठी आपण तेथे होतो, याचा पुरावा दाखवावा लागत होता. घाईत सर्वस्व सोडून आलेल्यालाही एका जुन्या कागदाचा असा आधार होता.

तेव्हा कडावच्या बाजारपेठेत कोणी ‘व्हिसा आला आहे’ म्हटले, तर आनंद मानण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : कफीलचे नाव, कामाचा प्रकार, नोकरी बदलण्याची मुभा, परतीचा मार्ग आणि एजंटाची पावती. पाचही उत्तरे लेखी मिळाली तर खुशाल जावे. एकही टाळले गेले तर शेत आहे तेथेच राहू द्यावे.